मर्वची मोजदाद

काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका प्रशिक्षणवर्गात, जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या तासाला, पडद्यावर चंगीझखान अवतरला. विषय होता नेतृत्व. प्रशिक्षकाने दोन गोष्टी रंगवून सांगितल्या. पहिली जेबेची. लढाईत खानाच्या घोड्याला बाण मारणारा हा शत्रूकडचा तिरंदाज पुढे शरण आला आणि 'तो बाण माझाच' असं तोंडावर कबूल करून मोकळा झाला. खानाने त्याला मारलं नाही, पदरी ठेवलं, आणि तोच त्याचा नामांकित सेनापती झाला. दुसरी गोष्ट जलालुद्दीनची. १२२१ च्या नोव्हेंबरात सिंधूच्या काठावर कोंडला गेलेला हा ख्वारिज्मचा, म्हणजे मध्य आशियातल्या एका बलाढ्य मुसलमान राज्याचा, शहजादा घोड्यासकट नदीत उडी घेऊन पैलतीराला लागला, तेव्हा खान आपल्या मुलांना म्हणाला, बापाला मुलगा असावा तर असा. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, 'गुणवत्तेची पारख'. आम्ही टाळ्या वाजवल्या. चहाची वेळ झालीच होती.

ही दुसरी गोष्ट आपल्यापर्यंत आली ती जुवैनी या फारसी इतिहासकाराकडून. हा मंगोलांच्याच पदरचा माणूस, पुढे त्यांच्या वतीने बगदादचा कारभार पाहिलेला. त्याच्याच हकिकतीत कौतुकाच्या त्या उद्गारांच्या जोडीला आणखी एक तपशील आहे. जलालुद्दीन पोहून गेला, पण त्याचं कुटुंब अलीकडच्या काठावर राहिलं. त्यातले पुरुष मारले गेले, अगदी अंगावर पिणारी मुलंसुद्धा. हे पडद्यावर आलं नाही. येणार तरी कसं? 'गुणवत्तेची पारख' या मथळ्याखाली ते बसत नाही.

त्या प्रशिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण वाराच तसा आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांत चंगीझखानाचे दिवस पालटले. आधी तो नुसता रानटी होता. आता तो जागतिकीकरणाचा आद्य पुरुष आहे, धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता आहे, टपाल आणि मुक्त व्यापाराचा जनक आहे. २०११ मध्ये एका संशोधनात, माणसं मेल्याने शेतं ओस पडली, तिथे झाडी वाढली आणि हवेतला थोडा कार्बन शोषला गेला असा अंदाज मांडला गेला, तर वृत्तपत्रांनी त्याला पर्यावरणवादी करून टाकलं. २००३ मध्ये पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा एक अभ्यास आला. आशियाच्या मोठ्या पट्ट्यातले सुमारे ८ टक्के पुरुष एकाच पितृवंशातले असावेत आणि तो वंश बहुधा खानाच्या घराण्याचा असावा, असं त्याचं अनुमान. ते अजूनही लोक एकमेकांना डोळा मारत सांगतात. त्यात पळवून नेलेल्या बायका किती, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. त्याला रानटी म्हणणारे आणि द्रष्टा म्हणणारे, दोघेही एकाच गोष्टीकडे पाठ फिरवतात. चंगीझखानाच्या मोहिमांतली व्यवस्था आणि संहार या दोन वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्ही एकाच वहीतून आलेल्या आहेत. त्यामुळे रस्ते जमेला धरायचे, कत्तली खर्ची टाकायच्या आणि खाली शिल्लक काढायची, हा जमाखर्च मुळातच चुकतो.

आधी ती वही पाहू. १२०६ साली ओनोन नदीच्या उगमाजवळ भरलेल्या कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या मोठ्या सभेत, तेमुजिन नावाच्या चाळिशीतल्या माणसाला चंगीझखान ही पदवी मिळाली. तोवर त्याने नऊ घाटांचं पाणी प्यायलं होतं. लहानपणी बापाला तातार टोळीने विष घालून मारलं, भाऊबंदांनी विधवा आईला मुलांसह वाऱ्यावर सोडलं, लग्नानंतर मेरकित टोळीने बायको पळवली. रक्ताच्या नात्यावर विसंबायचं नाही हा धडा त्याने गिरवला तो असा. सत्ता हाती आल्यावर त्याने कुळंच मोडून काढली. दहांची तुकडी, दहा तुकड्यांचं शतक, दहा शतकांचं सहस्र, दहा सहस्रांचा तुमेन. १२०६ मध्ये अशी ९५ सहस्रं मांडली गेली. वेगवेगळ्या कुळांतली माणसं जाणूनबुजून एकत्र घातलेली, आणि नेमून दिलेली तुकडी सोडून जायची कुणालाही मुभा नाही. नायमान टोळीचा पराभव झाला तेव्हा तातातुंगा नावाचा त्यांचा उइगुर लेखनिक राजमुद्रेसह हाती लागला. खान स्वतः निरक्षर होता, पण त्याने उइगुर लिपी उचलली आणि घरातल्या मुलांना ती शिकवायला लावली. पोसलेला भाऊ शिगी खुतुखू याला न्यायाधीश नेमलं आणि माणसांच्या वाटण्या व निवाडे निळ्या वहीत लिहून ठेवायला सांगितलं.

त्या प्रशिक्षणवर्गात आम्ही सगळे नोकरदार बसलो होतो, आणि गंमत अशी की 'नोकर' हा शब्दच मंगोल भाषेतून आलेला आहे. 'नोकोर' म्हणजे आपलं कुळ सोडून स्वतःच्या मर्जीने एखाद्या सरदाराच्या पाठीशी उभा राहणारा सोबती. फारसीतून आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यातली सोबत गळून गेली, चाकरी तेवढी उरली. दारोगाही तिकडचाच. जिंकलेल्या शहरावर खानाच्या वतीने बसवलेला अंमलदार तो दारुगा. आणि बहाद्दर म्हणजे 'बआतुर'. मोगल हा शब्द तर सरळ मंगोलवरूनच आला, बाबराची आई चंगीझच्या वंशातली. आपण अंदाधुंदीला मोगलाई म्हणतो. पण ज्यांचं नाव त्या शब्दात अडकलंय, त्या मूळ मंगोलांकडे या अर्थाची मोगलाई अजिबात नव्हती. सगळं हिशेबात चाललेलं होतं. घाबरायचं असेल तर त्याला घाबरावं.

हा हिशेब पश्चिमेच्या मोहिमेत कसा चालला ते बघण्यासारखं आहे. १२११ पासून खान उत्तर चीनच्या जिन राज्याशी झुंजत होता. १२१५ मध्ये त्याने आजच्या बीजिंगच्या जागी असलेली झोंगदू ही राजधानी घेतली. तटबंदी फोडायची यंत्रं आणि ती चालवणारे कारागीर तिथेच हाती आले. १२१८ मध्ये ओत्रार या ख्वारिज्मच्या सरहद्दीवरच्या शहरात खानाकडून आलेला सुमारे ४५० व्यापाऱ्यांचा तांडा तिथल्या सुभेदाराने हेर ठरवून कापून काढला. भरपाई मागायला गेलेल्या वकिलालाही तिथला राजा, जलालुद्दीनचा बाप ख्वारिज्मशाह मुहम्मद, याने ठार केलं. कुरापत शाहाची होती, यात वाद नाही. शाह स्वतःही काही संत नव्हता. १२१२ मध्ये समरकंदने बंड केलं तेव्हा त्यानेही तिथे रक्ताचे पाट वाहवले होते.

१२१९ च्या शरद ऋतूत मंगोल सैन्य ओत्रारच्या तटाशी आलं. शाहाचं सैन्य गावोगावच्या किल्ल्यांत विखुरलेलं. खान मात्र किझिलकुमचं वाळवंट ओलांडून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, १२२० च्या फेब्रुवारीत बुखाऱ्यासमोर उभा राहिला. मार्चमध्ये समरकंद पडलं. लष्करी डावपेच म्हणून याला तोड नाही. नेहरूंनी तुरुंगातून मुलीला लिहिलेल्या पत्रांत या माणसाच्या युद्धकौशल्याची मनमोकळी तारीफ केली आहे, आणि ती रास्तच आहे.

पण जरा खोजंदला थांबू. सिरदर्याच्या पात्रातल्या बेटावर तैमूर मलिक नावाचा शूर किल्लेदार अडून बसला होता. त्याला काढायला मंगोलांनी आसपासच्या पडलेल्या गावांतून सुमारे ५०,००० कैदी आणले. या वेठीच्या माणसांना 'हशर' म्हणत. त्यांची लगेच दहा-दहाची, शंभर-शंभरची विभागणी झाली आणि त्यांच्यावर मंगोल नेमले गेले. दूरच्या डोंगरातून पायी दगड वाहून आणायचे हे त्यांचं काम, ते नदीत टाकायचे घोड्यावरच्या मंगोलांनी. म्हणजे स्टेपमधल्या, गवताळ माळरानावरच्या, भांडकुदळ कुळांतून एकसंध राष्ट्र घडवणारी ती सुप्रसिद्ध दशमान पद्धत, जिच्यावर व्यवस्थापनवाले भाळतात, तीच शब्दशः जशीच्या तशी वेठबिगारांना लावली गेली. इतर ठिकाणी हेच हशर तटाकडे पुढे हाकले जात. वरून बाण सुटत ते आपल्याच माणसांचे, आपल्याच माणसांवर.

समरकंदात ३०,००० कारागीर वेगळे काढून खानाच्या मुलांमध्ये आणि नातलगांमध्ये वाटले गेले, तेवढेच पुरुष हशरसाठी निवडले गेले. आणि मग मर्व.

मर्व म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानातलं, मुर्गाब नदीच्या पाण्यावर वाळवंटात फुललेलं शहर. सेल्जुक सुलतानांची राजधानी. त्याची ग्रंथालयं एवढी दांडगी की याकूत नावाचा भूगोलकार पुस्तकांच्या मोहाने तिथे मुक्काम ठोकून बसला होता. मंगोल येण्याच्या जेमतेम थोडा काळ आधी तो निसटला. १२२१ च्या फेब्रुवारीत खानाचा धाकटा मुलगा तोलुई तिथे आला. शहराने फारसा प्रतिकार केलाच नाही. सुभेदाराने अभयाचं वचन घेऊन दरवाजे उघडले. त्यानंतर लोकांना बाहेर मैदानात यायला सांगण्यात आलं. सगळे बाहेर निघायला चार दिवस आणि चार रात्री लागल्या. त्यांतून ४०० कारागीर निवडले गेले, काही मुलं-मुली गुलाम म्हणून बाजूला काढल्या गेल्या. उरलेल्यांची सैनिकांमध्ये वाटणी झाली. दर सैनिकामागे तीन-चारशे माणसं.

इथे रागाच्या भरात कुणी तलवार उपसलेली नाही. आधी कामाची माणसं निवडली, मग बिनकामाच्या माणसांचं काम वाटून दिलं. 'त्यांनी फक्त विरोध करणाऱ्यांना मारलं, शरण आलेल्यांना सोडलं' असं खानाच्या वतीने नेहमी सांगितलं जातं. ते बऱ्याच शहरांबाबत खरंही आहे. पण मर्व शरण आलं होतं. बल्खही शरण आलं होतं आणि जुवैनीच्या सांगण्यानुसार तिथेही हेच झालं. दोन्हीकडे हिशेब सरळ होता. जलालुद्दीन अजून मोकळा फिरत होता आणि पाठीमागे एवढी मोठी शहरं जिवंत ठेवणं धोक्याचं होतं.

मेलेल्यांचे आकडे मात्र तंतोतंत मानू नयेत. सय्यद इझ्झुद्दीन नावाच्या माणसाने काही लोकांना हाताशी धरून तेरा दिवस मर्वची प्रेतं मोजली, १३ लाखांहून जास्त भरली, असं जुवैनी लिहितो. मोसुलला बसून लिहिणारा अरबी इतिहासकार इब्न अल्-असीर याच शहराचे ७ लाख सांगतो. निशापूरचे साडेसतरा लाख आणि हेरातचे १६ लाखही कुठे कुठे सापडतात. एवढी माणसं या शहरांत मावणंच शक्य नव्हतं. उर्गेंच या ख्वारिज्मच्या राजधानीबद्दल तर खुद्द जुवैनीच म्हणतो की कानावर आलेला आकडा मला पटला नाही, म्हणून मी लिहिला नाही.

हे सगळं मान्य. पण आकडा फुगवलेला आहे हे सिद्ध केलं की जणू कत्तलच सौम्य झाली, अशी जी सूट घेतली जाते ती मला मान्य नाही. त्यासाठी एक वेगळा साक्षीदार बघा. छांगछुन हा चीनमधल्या शांतोंगचा म्हातारा ताओपंथी साधू. अमरत्वाचं औषध मिळेल या आशेने खानाने त्याला हजारो मैलांवरून बोलावून घेतलं. १२२२ मध्ये हिंदुकुशाजवळ दोघांची भेट झाली. औषध वगैरे काही नसतं, हे त्याने पहिल्याच भेटीत सरळ सांगून टाकलं. वाटेत तो समरकंदात राहिला. त्याच्या शिष्याने लिहून ठेवलेल्या प्रवासवृत्तात नोंद आहे की पूर्वी या शहरात लाखावर घरं होती, आता चौथा हिस्सा उरला आहे. लिहिणारा खानाचा सन्मान्य पाहुणा, मुसलमान नव्हे, मंगोलांचा वैरी नव्हे, त्याने एकही प्रेत मोजलेलं नाही. आणि समरकंद हे तर त्यातल्या त्यात सुटलेलं शहर.

धार्मिक सहिष्णुतेचंही तेच. १२१८ मध्ये जेबेने काश्गरकडे गुचलुग या पळून जाऊन तिथली सत्ता बळकावलेल्या नायमान राजपुत्राचा पाडाव केला, तेव्हा ज्याने त्याने आपापला धर्म पाळावा अशी दवंडी पिटली आणि गांजलेल्या तिथल्या मुसलमानांनी मंगोलांचं स्वागत केलं. खरं आहे. छांगछुनला आणि त्याच्या शिष्यांना करमाफी मिळाली, हेही खरं. पण ही माफी कशाच्या बदल्यात? खानाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करायची, या अटीवर. जगातल्या सगळ्या देवांकडे विमा उतरवून ठेवणाऱ्या माणसाला धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता म्हणायचं, तर म्हणा. पण मग बुखाऱ्याच्या मशिदीत कुराण ठेवायच्या पेट्यांची घोड्यांसाठी दावण केली, तीही त्याच माणसाच्या देखत, हेही सांगा.

आपल्याकडे समाजमाध्यमांवर उलटाच गोंधळ. नावात खान आहे म्हणून कित्येकांची पक्की समजूत असते की चंगीझ मुसलमान होता. खान ही स्टेपमधली राजपदवी, इस्लामशी तिचा मुळात संबंध नाही. तो आकाशदेव तेंगरीला मानणारा. उलट त्या काळातल्या मुसलमान जगावर त्याच्याइतका मोठा घाव दुसऱ्या कुणी घातला नव्हता. १२५८ मध्ये बगदाद बुडवून अब्बासी खिलाफत संपवणारा हुलागू त्याचा नातू. पण हे वादावादीत ऐकतंय कोण.

मंगोलियात मात्र मी पाहुण्यासारखा हळू आवाजात बोलेन. त्या देशाने सोव्हिएत छायेखाली आपल्या या पूर्वजाचं नाव घ्यायची चोरी सोसली आहे. १९६२ मध्ये जन्माच्या आठशेव्या वर्षानिमित्त दादल इथे स्मारक उभं राहिलं, टपाल तिकिटं निघाली, तर मॉस्को खवळलं आणि सोहळ्यामागे असलेल्या तोमोर-ओचिर या पक्षनेत्याला पद गमवावं लागलं. १९९० नंतर ती वाफ बाहेर पडली. २००८ मध्ये उलानबातारच्या पूर्वेला त्सोंजिन बोल्दोगला त्याचा ४० मीटर उंचीचा पोलादी अश्वारूढ पुतळा उभा राहिला. विमानतळाला त्याचं नाव, नोटांवर त्याचा चेहरा. शेजारचा चीन त्याला आपल्याच बहुवंशीय इतिहासातला थोर पुरुष म्हणवतो. २०२० मध्ये फ्रान्समधल्या नांतच्या इतिहास संग्रहालयाला त्याच्यावरचं प्रदर्शन पुढे ढकलावं लागलं, कारण, संग्रहालयाने जाहीर सांगितल्याप्रमाणे, 'चंगीझखान', 'साम्राज्य', 'मंगोल' हे शब्दच वगळा, असा चिनी अधिकाऱ्यांचा आग्रह होता. ते प्रदर्शन शेवटी २०२३ मध्ये चीनच्या मदतीशिवाय भरलं. अशा कात्रीत सापडलेल्या तीस-पस्तीस लाखांच्या देशाला पुतळ्याची गरज वाटली तर मी नाक मुरडणार नाही. उझबेकिस्तानने मात्र १९९९ मध्ये जलालुद्दीनची आठशेवी जयंती थाटात साजरी केली. सिंधूत उडी घेणारा तोच. एकच लढाई, दोन काठांवर दोन पुतळे.

हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. आपल्या पुस्तकांत ती चौथाई वसुलीची मोहीम आहे, त्यांचे सेनापती भास्करपंत यांचा दगाफटका होऊन झालेला खून आहे. बंगालीत मात्र आपला 'बारगीर' हा 'बर्गी' होऊन अंगाईगीतात जाऊन बसला. पोर झोपलं, गाव निजला आणि बर्गी आले, आता सारा कशाने भरायचा, अशी ती विवंचना. माझ्या एका बंगाली मित्राने पहिल्यांदा मला ते म्हणून दाखवलं तेव्हा मला त्याच्या डोळ्याला डोळा देववेना. तेव्हापासून ज्याची कीर्ती गायली जाते त्याची अंगाई कुठल्या गावात आहे, हे शोधायची मला खोड लागली आहे.

तर रस्ते आणि व्यापार. बुखाऱ्याहून निसटून खुरासानात पोहोचलेल्या एका माणसाला काय झालं असं विचारलं, तर त्याने सहा क्रियापदांत उत्तर दिलं. आले, खणलं, जाळलं, मारलं, लुटलं आणि गेले. जुवैनीला ते फारसीतलं सर्वांत नेटकं वाक्य वाटलं. फक्त शेवटचं क्रियापद चुकलं. ते गेले नाहीत. दारोगे मागे राहिले, शिरगणती झाली, कर बसला. खानाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा आणि वारस ओगताई याच्या काळात दिवसादिवसाच्या मजलेवर घोडे बदलायची ठाणी उभी राहिली, त्यालाच 'याम' म्हणतात. उत्तर चीनमधली माणसं हटवून तिथे कुरणं करावीत असा सल्ला काही मंगोल सरदार ओगताईला देत होते. येलू चुत्साई या खितान मंत्र्याने त्याला सांगितलं, शेतकरी जिवंत ठेवलेत तर वर्षाला ५ लाख औंस चांदी, ८० हजार थान रेशीम आणि ४ लाख पोती धान्य मिळेल. हिशेब पटला, माणसं जगली. मर्वला जी वही माणसं मारत होती तिनेच इथे वाचवली, आणि दोन्ही वेळा तिच्या लेखी माणसाची किंमत तेवढीच होती.

त्या काळच्या मंगोल दरबारात जरीच्या कापडाचं फार वेड होतं. सोन्याच्या तारेचं हे 'नसीज' आज जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे आहे, आणि पूर्व-पश्चिमेच्या मिलनाचा नमुना म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात. चिनी रेशमावर इराणी वेलबुट्टी, खरोखर देखणं कापड. ते विणणाऱ्यांत हेरातचे विणकर होते. हेरात पडलं तेव्हा हजारभर विणकरांना वेगळं काढून, घरादारासकट, दूर पूर्वेला उइगुरांच्या बेशबालिकला नेलं गेलं. मागे राहिलेल्या हेरातने पुढे बंड केलं आणि १२२२ मध्ये ते शहर पुरतं निकालात निघालं. चौदा-पंधरा वर्षांनी ओगताईच्या परवानगीने त्या विणकरांपैकी शंभरेक जण गाव पुन्हा वसवायला परत आले. कालवे बुजलेले होते. बैल कुठेच नव्हते. पहिल्या पेरणीला माणसांनीच नांगर ओढला.